कळसूत्री बाहुल्या व त्यांचा सूत्रधार

जगातील बहुतेक कलावंत लोकांसमोर उभे राहून कीर्ती मिळवितात. गवयाचा कंठ, नटाचा अभिनय, कीर्तनकाराचे वक्तृत्व ही ज्याची त्याला ओळखवून देतात. बाहुलीवाल्याची गोष्ट याहून निराळी आहे. जितका तो निपुण, तितका तो प्रेक्षकांच्या दृष्टीआड जातो. खेळ रंगला म्हणजे मुले बाहुलीसाठी टाळ्या वाजवितात; पडद्यामागे अंधारात कित्येक घटका हात उंच धरून उभ्या असलेल्या माणसाची आठवण कोणास होत नाही. अशा माणसाचा धंदा कसा असतो, तो तो कोठे व कसा शिकतो, त्यावर त्याचा संसार चालतो काय, आणि या दिवसांत असा धंदा पत्करणे शहाणपणाचे आहे काय, या प्रश्नांचा विचार आम्ही या लेखात करणार आहोत. आमच्या विद्यार्थ्यांस तो मनोरंजक वाटेल. पालकांस कदाचित थोडा अडचणीचाही वाटेल. पण उपयुक्त विचार पुष्कळदा अडचणीचेच असतात.

प्रथम या कलेच्या प्राचीनत्वाविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत. आपल्या नाटकाच्या व्यवस्थापकास संस्कृतात 'सूत्रधार' म्हणतात. सूत्र म्हणजे दोरा. हे नाव बाहुल्यांच्या दोऱ्यांवरूनच आले असावे, असे कित्येक विद्वानांचे मत आहे. ज्ञानेश्वरीतही दोरीने नाचणाऱ्या बाहुल्यांचा दृष्टांत येतो. यावरून तेराव्या शतकात मराठी श्रोत्यांस हा खेळ चांगला परिचयाचा होता, हे उघड आहे. युरोपातही असेच आढळते. दोरीच्या बाहुलीस तिकडे 'मॅरियोनेट' म्हणतात. या शब्दाचा अर्थ 'लहानशी मरिया' असा असून, मध्ययुगात ख्रिस्तमंदिरांतून प्रभूच्या जन्माचे देखावे दाखविताना पवित्र मरियेची जी लहान मूर्ती हलवीत, तिच्यावरून तो रूढ झाला, असे सांगतात. तात्पर्य, आमच्या देवळांत काय किंवा तिकडच्या देवळांत काय, अक्षरशत्रू माणसास धर्मकथा डोळ्यांनी वाचावयास देणारी ही जिवंत पोथीच होती.

आपल्या महाराष्ट्रात या कलेचे माहेर म्हणून आज ज्या गावाचे नाव घेतले जाते ते सिंधुदुर्ग जिल्ह्यातील, कुडाळ तालुक्यातील पिंगुळी होय. तेथे ठाकर जमातीची घरे आहेत. या जमातीने पिढ्यानुपिढ्या तीन प्रकारच्या कथाकला संभाळल्या. पहिली चित्रकथी. हाती रंगविलेल्या कागदी चित्रांचा संच, ज्यास ते 'पोथी' म्हणतात, पुढे ठेवून एकेक चित्र क्रमाने दाखवावयाचे व रामायण-महाभारतातील कथा गाऊन सांगावयाची. साथीला वीणा, टाळ व हुडुक ही वाद्ये असतात. दुसरी कला म्हणजे कळसूत्री बाहुल्या. या लाकडाच्या असून दोऱ्यांनी हलतात. तिसरी चामड्याच्या बाहुल्या. या पडद्यामागे दिव्याच्या उजेडात धरून त्यांच्या सावल्या प्रेक्षकांस दाखवितात. सावंतवाडीच्या संस्थानिकांनी या लोकांस आश्रय दिला, आणि कोणत्या गावच्या देवळात कोणत्या घराण्याने खेळ करावा हेही ठरवून दिले, असे ठाकर मंडळी सांगतात. गावाने शिधा द्यावा, कलावंताने कथा द्यावी, असा तो व्यवहार होता. पैसा थोडा, परंतु मान निश्चित.

काळ पालटला. संस्थाने विलीन झाली. चित्रपट, नभोवाणी व पुढे दूरदर्शन ही घरोघर पोहोचली. देवळातील खेळास माणसे येईनाशी झाली, तेव्हा ज्यांचे पोट त्यावर होते त्यांनी मजुरीची वाट धरली. पोथ्या माळ्यावर पडल्या, काही वाळवीने खाल्ल्या. अशा वेळी ज्या थोड्यांनी हा वारसा हातचा जाऊ दिला नाही, त्यांत परशुराम विश्राम गंगावणे यांचे नाव अग्रगण्य आहे. ते पिंगुळीचेच. बाहुल्या, चित्रे व गाणी ही त्यांस घरातच, वडिलधाऱ्यांच्या तोंडून व हातून मिळाली. या विद्येची शाळा नव्हती, पुस्तक नव्हते. ऐकावे, पाठ करावे, मागे बसून टाळ धरावा, आणि मोठ्यांचा हात दमला म्हणजे बाहुली आपल्या हाती घ्यावी, एवढाच अभ्यासक्रम.

गंगावणे यांच्या कार्याचे मर्म असे की, प्रेक्षक येत नाहीत म्हणून ते कपाळास हात लावून बसले नाहीत. जुन्या कथा त्यांनी जपल्याच. पण त्याच बाहुल्यांच्या तोंडी व्यसनमुक्ती, स्वच्छता असे आजचे विषयही घातले. सन 2006 मध्ये त्यांनी आपल्या घराच्या गुरांच्या गोठ्याचे रूपांतर संग्रहालयात केले. त्याचे नाव 'ठाकर आदिवासी कला आंगण'. ज्या जागी काल गाई बांधल्या जात होत्या, त्या जागी जुन्या पोथ्या, बाहुल्या व वाद्ये मांडली गेली, आणि कोकणात येणारे प्रवासी ती पाहावयास थांबू लागले. त्यांचे पुत्रही याच कामात त्यांच्याबरोबर उभे राहिले. सन 2021 मध्ये भारत सरकारने त्यांस पद्मश्री देऊन गौरविले. मोठा वाडा नाही, मोठे भांडवल नाही. एक गोठा, एक पेटारा आणि न सोडलेला हट्ट, एवढ्या सामग्रीवर हे घडले, हे आमच्या विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवण्याजोगे आहे.

आता या कलेतील खुब्या पाहू. प्रथम दोरीची बाहुली घ्या. तिचे डोके व धड लाकडाचे असून हात सांध्यांशी मोकळे ठेवलेले असतात. बाहुली चालते ती पायांनी नव्हे, तर वजनाने. दोरा ओढला की हात वर जातो, परंतु तो खाली येतो तो केवळ आपल्या भाराने. म्हणून लाकूड फार हलके असले तर बाहुली वाऱ्यावर भिरभिरते, फार जड असले तर करणाऱ्याचा खांदा भरून येतो. उत्तम बाहुलीवाला दोरा फार ओढीत नाही. तो बाहुलीस आपल्या भाराने पडू देतो, आणि ते पडणेच प्रेक्षकांस अभिनय वाटते. नमस्कार करताना डोके अगोदर लवावे की हात अगोदर जुळावेत, एवढ्या एका बारकाव्यात राजा कोण व सेवक कोण हे कळते.

सावलीच्या बाहुलीचा नियम निराळा आहे, आणि तो आमच्या पदार्थविज्ञानाच्या विद्यार्थ्यांस सहज कळेल. बाहुली पडद्यास टेकवून धरली तर तिची सावली लहान व रेखीव पडते. दिव्याकडे मागे नेली तर सावली मोठी होते, पण तिच्या कडा अंधुक होतात. रावण गर्जत येतो तेव्हा तो भिंतीएवढा वाढतो आणि हनुमान अशोकवनात लपतो तेव्हा एवढासा होतो, ही सारी किमया दिवा, बाहुली व पडदा यांतील अंतराची आहे. चामड्यास जी बारीक भोके पाडलेली असतात, त्यांतून उजेड येऊन दागिने व वस्त्रांवरील नक्षी चमकते. प्रकाश सरळ रेषेत जातो हे आम्ही वर्गात खडूने शिकवितो. हे कलावंत तेच तेलाच्या दिव्याने पिढ्यान्‌पिढ्या दाखवीत आले आहेत.

तिसरी खुबी आवाजाची. राजस्थानातील कठपुतळीवाले तोंडात बांबूची बारीक पिपाणी धरून बाहुलीचा चिरका आवाज काढतात. त्याहून अवघड विद्या शब्दभ्रमाची. तीत माणूस ओठ न हलविता बोलतो आणि शब्द मांडीवरील बाहुला बोलत आहे असा भास होतो. व्याकरणात आपण प, फ, ब, भ, म यांस ओष्ठ्य वर्ण म्हणतो, कारण ते दोन्ही ओठ मिटल्यावाचून उमटत नाहीत. मग ओठ न मिटता 'पपई' कशी म्हणावी? शब्दभ्रमकार जीभ दातांमागे नेऊन त्या वर्णाच्या जवळचा दुसरा ध्वनी काढतो, आणि त्याच क्षणी बाहुल्याचा जबडा हलवितो. डोळ्यांस जे दिसते त्याच्याशी कान आपले ऐकणे जुळवून घेतो. विद्यार्थ्यांनी आरशापुढे उभे राहून हा प्रयोग करून पाहावा, म्हणजे या विद्येस किती वर्षे लागत असतील याचा अंदाज येईल.

या शब्दभ्रमाचे महाराष्ट्रातील प्रसिद्ध घराणे पाध्ये यांचे. यशवंत केशव पाध्ये हे जादूगार व शब्दभ्रमकार होते. त्यांचा 'अर्धवटराव' हा बाहुला मराठी घरांत सर्वांस ठाऊक झाला. त्यांचे पुत्र रामदास पाध्ये यांनी यंत्रविद्येचे उच्च शिक्षण घेतले, तरीही 1967 पासून वडिलांचाच मार्ग धरला. त्यांची अभियांत्रिकी वाया गेली असे मात्र कोणी समजू नये. बाहुल्याचे डोळे कसे फिरावेत, भुवई कशी उचलावी, मान कोणत्या कळीने वळावी, हे सारे यंत्रशास्त्रच आहे. 1993 च्या 'झपाटलेला' या मराठी चित्रपटातील तात्या विंचू हा बाहुला त्यांच्याच हातचा. आणखी एक मोठे कार्य त्यांनी केले. मराठी रंगभूमीचे जनक विष्णुदास भावे, ज्यांनी 1843 मध्ये सांगली येथे 'सीतास्वयंवर' नाटकाचा प्रयोग केला, त्यांनी लाकडी कळसूत्री बाहुल्याही घडविल्या होत्या. त्या जीर्ण बाहुल्या रामदास पाध्ये यांनी दुरुस्त करून पुन्हा रंगमंचावर आणिल्या. त्यांच्या पत्नी व दोन्ही पुत्र याच व्यवसायात आहेत.

तिसरा मार्ग दादी पदमजी यांचा. यांचा जन्म पुण्यातील पारशी कुटुंबात 1951 मध्ये झाला. घराण्यात हा धंदा नव्हता. ते अहमदाबादेस राष्ट्रीय संरचना संस्थेत शिकले, मेहेर काँट्रॅक्टर यांच्यासारख्या जाणत्या बाईंचे मार्गदर्शन त्यांस लाभले, आणि पुढे स्वीडनमधील स्टॉकहोम येथे त्यांनी बाहुली-रंगभूमीचे शिक्षण घेतले. 1986 मध्ये त्यांनी दिल्लीस 'इशारा' ही नाट्यसंस्था काढिली. 1929 मध्ये प्राग शहरी स्थापन झालेली 'युनिमा' नावाची बाहुलीकारांची एक जागतिक संघटना आहे. 2008 मध्ये तिचे अध्यक्षपद त्यांस मिळाले. 2011 मध्ये ते पद्मश्री झाले.

हे तीन मार्ग शेजारी ठेवून पाहिले म्हणजे एक गोष्ट ध्यानात येते. एकास विद्या जमातीकडून मिळाली, दुसऱ्यास पित्याकडून, तिसऱ्यास विद्यालयाकडून. परंतु तिघांच्याही आयुष्यात दीर्घ उमेदवारी आहे. जपानात 'बुनराकु' नावाचा बाहुल्यांचा थोर खेळ आहे. त्यात एका बाहुलीस तीन माणसे लागतात. एक पाय हलवितो, दुसरा डावा हात, आणि प्रमुख कलावंत डोके व उजवा हात सांभाळतो. नवशिक्याने पायांपासून आरंभ करावयाचा, आणि डोक्यापर्यंत पोहोचावयास त्याची कित्येक वर्षे खर्ची पडतात. एका वर्षात गायन, दुसऱ्या वर्षात चित्रकला, तिसऱ्या वर्षात आणखी काही असे भराभर शिकवून मोकळे होण्याची घाई ज्या पालकांस असते, त्यांनी या जपानी उमेदवाराकडे पाहावे.

आता संसाराचा प्रश्न. बाहुलीवाल्याचे उत्पन्न मासिक वेतनासारखे निश्चित नसते. जत्रा, उत्सव, शाळांतील खेळ, सरकारी प्रचाराची कामे, जाहिराती, चित्रपट, प्रवाशांपुढील प्रयोग, अशा अनेक झऱ्यांतून थोडे थोडे पाणी येते; एखादे वर्ष सगळेच झरे आटतात. 2020 च्या महामारीत खेळ बंद पडले, तेव्हा या वर्गाची काय अवस्था झाली असेल हे सांगावयास नको. शिवाय हा एका माणसाचा धंदा नव्हे. सुतार, शिंपी, चितारी, गवई, कथालेखक आणि हिशेबनीस, ही सारी कामे बहुधा एकाच घरातील माणसे वाटून घेतात. बायको वस्त्रे शिवते, मुलगा ढोलकी धरतो, मुलगी आवाज देते. म्हणून या धंद्यात पडणाऱ्याने एकट्याचा नव्हे, सर्व कुटुंबाचा विचार करावा लागतो. जो मुलगा पालकांस येऊन सांगेल की मला हेच करावयाचे आहे, त्यास आम्ही सांगू की, बाबा, शिक्षण पुरे कर, हिशेब ठेवावयास शीक, आणि मग खुशाल कर. रामदास पाध्ये यांची पदवी त्यांच्या कलेच्या आड आली नाही. उलट तिने बाहुल्याच्या मानेस नवी कळ दिली.

आमच्या धाराशिव जिल्ह्याचा या विषयाशी काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध आहे, व तो जवळचा आहे. आपल्याच तेर गावी, जे प्राचीन काळी तगर म्हणून रोमपर्यंत व्यापार करीत होते, भाजलेल्या मातीच्या व पांढऱ्या मातीच्या सुबक मूर्ती सापडल्या आहेत. तेथील रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात त्या पाहावयास मिळतात. तेथेच मिळालेली हस्तिदंताची एक लहान स्त्रीमूर्ती इटलीतील पाँपेई नगरात सापडलेल्या भारतीय हस्तिदंती मूर्तीशी इतकी मिळतीजुळती आहे की विद्वानांनी दोहोंचा संबंध जोडला आहे. त्या मूर्ती खेळातील बाहुल्या होत्या असे आम्ही म्हणत नाही. पण निर्जीव द्रव्यात मनुष्याची चर्या आणण्याचे कौशल्य या भूमीत दोन हजार वर्षांचे आहे, एवढे त्यावरून खचित सिद्ध होते.

दुसरा संबंध भाषेचा. कर्नाटक व आंध्र या प्रांतांत चामड्याच्या बाहुल्यांचे खेळ करीत हिंडणारी जी घराणी आहेत, त्यांपैकी अनेकांची घरातील बोली मराठी वळणाची आहे. खेळ कानडीत किंवा तेलुगूत, पण चूल मराठीत! कर्नाटकातील या लोकांस किल्लेक्यात म्हणतात. याच समाजातील, कोप्पळ जिल्ह्यातील मोरनाळ गावच्या भीमव्वा दोड्डबाळप्पा शिळ्ळेक्यातर या नव्वदी ओलांडलेल्या बाईंस 2025 मध्ये पद्मश्री मिळाली. कोप्पळ व आपला जिल्हा हे दोन्ही 1948 पर्यंत निजामाच्याच राज्यात होते, हे वडील माणसांस ठाऊक आहेच. ज्या स्त्रीने आयुष्य बाहुल्यांच्या पेटाऱ्याबरोबर गावोगाव घालविले, ती या दृष्टीने आमची शेजारीणच ठरते.

तिसरा संबंध सर्वांत जवळचा, व त्यासाठीच हा लेख आम्ही लिहावयास घेतला. महाराष्ट्र सरकारच्या भटक्या जमातींच्या यादीत 'चित्रकथी' हे नाव आहे, 'ठाकर' हे आहे, आणि त्याच यादीत 'गोंधळी', 'नंदीवाले', 'वासुदेव' हीही नावे आहेत. तुळजापूर आपल्या जिल्ह्यात. तेव्हा संबळ व तुणतुण्याच्या साथीवर रात्रभर कथा सांगणारे गोंधळी आपल्या गावोगावी आहेत. त्यांची मुले आज शाळांतून शिकतात, आणि ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु हजेरीपटात 'वडिलांचा धंदा' लिहावयाची वेळ आली म्हणजे यांतील एखादा मुलगा मान खाली घालून 'मजुरी' असे सांगतो. खरे सांगितले तर शेजारच्या बाकावरील मुले हसतील, 'भीक मागणारे' म्हणतील, ही त्यास धास्ती असते. ज्या विद्येस दिल्लीत राष्ट्रपतिभवनात मान मिळतो, ती विद्या ज्या घरात आहे त्या घरच्या मुलास आपल्या वर्गात लाज वाटावी, याहून अधिक शोचनीय विसंगती कोणती?

दोष एकट्या मुलांचा नाही. दारी आलेल्या कलावंतास पसाभर धान्य घालताना आपण त्यास मोबदला देतो की भिक्षा, हे आपल्या चेहऱ्यावरून मुलांस कळते. जुन्या गावगाड्यात तो मोबदला होता. कथा ऐकली, तिचे मोल धान्याने दिले. पुढे आपण कथा ऐकेनासे झालो, धान्य मात्र देत राहिलो; तेव्हा त्याच धान्याची भीक झाली. कलावंत बदलला नाही, आपला कान बदलला. हा फरक घरात आईबापांनी व शाळेत आम्ही शिक्षकांनी मुलांस समजावून सांगितला, तर त्या खाली गेलेल्या मानेस पुष्कळ आधार मिळेल.

प्रभु येशूने धन्याने चाकरांस दिलेल्या रुपयांचा दाखला सांगितला आहे. भीतीने जमिनीत पुरून ठेवलेले द्रव्य चोरीस गेले नाही, तरीही तो चाकर दोषी ठरला; कारण जे वापरण्यासाठी मिळाले ते त्याने वापरले नाही. घरातील विद्या लाजेने पुरून ठेवणारा मुलगा आणि त्यास लाज वाटावयास लावणारा समाज, या दोघांपैकी अधिक दोषी कोण, याचा निर्णय प्रत्येकाने आपापल्या अंतःकरणात करावा.

काय करता येईल तेही सांगून लेख आटोपतो. येत्या स्नेहसंमेलनात एक तरी बाहुलीचा खेळ व्हावा. त्यास खर्च फारसा नाही. जुने धोतर, एक दिवा आणि जाड पुठ्ठ्याच्या कापलेल्या आकृती एवढ्यावर सावल्यांचा खेळ उभा राहतो. आकृती व पडदा यांच्या अंतराचा नियम वर सांगितलाच आहे. सहावी-सातवीच्या मुलांनी आपल्या गावातील गोंधळी, वासुदेव अशा वृद्ध माणसांकडे जाऊन एकेक कथा नम्रपणे ऐकावी व शुद्ध अक्षरात उतरून आणावी. त्यांतील उत्तम त्या पुढील अंकात छापता येतील. पालकांनी तेरचे संग्रहालय मुलांस एकवार दाखवावे. आणि कोकणात जाण्याचा योग आला, तर समुद्राकडे धावण्यापूर्वी पिंगुळीच्या त्या गोठ्याशी थांबावे.

बाहुली आपल्या इच्छेने हलत नाही, म्हणून संतांनी तिला मनुष्याच्या परतंत्रतेची उपमा केली. उपमा सुंदर आहे. परंतु त्या दोऱ्याच्या दुसऱ्या टोकाशी एक मनुष्य असतो. त्याचा खांदा दुखतो, त्यास घर असते, त्याची मुले शाळेत जातात. पुढल्या वेळी खेळ पाहताना आमच्या विद्यार्थ्यांनी बाहुलीस टाळी द्यावी, आणि खेळ संपल्यावर पडद्यामागे जाऊन त्या माणसास नमस्कार करावा.